मारिया गोपर्ट-मायर : फर्मींचा एक प्रश्न आणि त्याआधीची वर्षे

वाचनवेडा

अणुकेंद्रकाच्या रचनेविषयी वाचताना मारिया गोपर्ट-मायर यांचे नाव हमखास येते, परंतु त्यांच्याविषयीचे बहुतेक लिखाण दोन गोष्टींपाशी येऊन थांबते. मेरी क्युरी यांच्यानंतर तब्बल साठ वर्षांनी, १९६३ मध्ये, भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री होत्या, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट शिकागोमधील एका प्रसंगाची आहे. भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मी मायर यांच्या खोलीतून बाहेर पडता पडता एक प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नासरशी अनेकांना छळणारे कोडे दहा मिनिटांत सुटते.

हा प्रसंग वाचताना माझ्या मनात नेहमी शंका येते. प्रश्न फर्मींनी विचारला असेल, तर शोधाचे श्रेय त्यांना कितपत द्यावे? आणि उत्तर दहा मिनिटांत सापडण्याइतके सोपे होते, तर इतरांना ते आधी का सापडले नाही? त्याचबरोबर, मायर यांनी हयातीतील बराच काळ विद्यापीठांत विनावेतन काम केले असेही वाचनात येते; त्यात तथ्य किती, आणि त्याचा त्यांच्या संशोधनावर काय परिणाम झाला, हेही जाणून घ्यायचे आहे. पदवीपर्यंतचे भौतिकशास्त्र मी शिकलो आहे, त्यामुळे थोडे तांत्रिक लिहिले तरी चालेल.

ऋजुरेषा

कोडे काय होते हे नीट समजल्याशिवाय श्रेयाचा निवाडा करता येणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१९४० च्या दशकात केंद्रकाविषयी सर्वमान्य कल्पना होती ती द्रव-थेंब प्रारूपाची. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना घट्ट चिकटून, सतत एकमेकांवर आदळत असतात आणि त्यांचा समूह एकजिनसी थेंबासारखा वागतो, असे नील्स बोर व त्यांचे सहकारी मानत. १९३९ मध्ये युरेनियमच्या विखंडनाचा उलगडा याच प्रारूपाने झाल्यामुळे त्याचा दबदबा मोठा होता. अशा गर्दीत एखाद्या कणाला इलेक्ट्रॉनप्रमाणे स्वतःची स्वतंत्र कक्षा असेल, ही कल्पनाच बहुतेकांना भाबडी वाटत असे.

मायर या वादात मागच्या दाराने शिरल्या. शिकागोला आल्यावर एडवर्ड टेलर यांच्यासमवेत त्या मूलद्रव्यांच्या उत्पत्तीचा विचार करत होत्या आणि त्यासाठी कोणता समस्थानिक, म्हणजे मूलद्रव्याचे न्यूट्रॉनांच्या संख्येने वेगळे ठरणारे रूप, निसर्गात किती प्रमाणात आढळतो याचे तक्ते त्यांना धुंडाळावे लागत होते. त्या तक्त्यांत काही केंद्रके आपल्या शेजाऱ्यांच्या मानाने फारच मुबलक दिसत, आणि मोजून पाहिले तर त्यांच्यातील न्यूट्रॉनांची किंवा प्रोटॉनांची संख्या पुन्हा पुन्हा ५० किंवा ८२ निघत असे. वॉल्टर एल्सासर यांनी १९३० च्या दशकातच अशा संख्यांकडे लक्ष वेधले होते, पण तेव्हा हाताशी पुरावा तोकडा होता. युद्धकाळातील संशोधनामुळे केंद्रकांविषयीची माहिती कितीतरी वाढली आणि मायर यांनी ती चिकाटीने एकत्र आणली.

१९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी त्यात उलगडा नाही, केवळ पुरावा आहे. कथिलाच्या केंद्रकात ५० प्रोटॉन असतात आणि त्याचे दहा स्थिर समस्थानिक आहेत; इतके दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याचे नाहीत. ८२ न्यूट्रॉन असलेली सात केंद्रके निसर्गात आढळतात, तर ८३ न्यूट्रॉनांचे स्थिर केंद्रक एकच आहे. याहून बोलका पुरावा विखंडनातून मागाहून बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांचा होता. ब्रोमिन-८७ चा बीटा क्षय होऊन, म्हणजे एका न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होऊन व इलेक्ट्रॉन बाहेर पडून, क्रिप्टॉन-८७ तयार होते; त्यात ५१ न्यूट्रॉन असतात, आणि त्यातला एक न्यूट्रॉन कधी कधी चटकन निसटून जातो. झेनॉन-१३७ मध्येही तेच घडते, तिथे न्यूट्रॉन ८३ असतात. पन्नास किंवा ब्याऐंशी भरून झाल्यावर वरचा एक कण जेमतेम धरलेला असतो, हे यावरून उघड दिसते. शिशाच्या बाबतीत आज उपलब्ध असलेले आकडे पाहिले तर हेच आणखी स्पष्ट होते : १२६ न्यूट्रॉनांच्या शिसे-२०८ मधून एक न्यूट्रॉन काढायला सुमारे ७.४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, तर शिसे-२०९ मधला शेवटचा न्यूट्रॉन सुमारे ३.९ मध्येच सुटतो.

२, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या संख्यांना युजीन विग्नर यांनी ‘मॅजिक नंबर्स’ म्हटले, आणि त्या नावात कौतुकापेक्षा अविश्वासच अधिक होता. कण एका सामायिक आकर्षण-विहिरीत स्वतंत्रपणे फिरतात असे धरून गणित मांडले, तर कवचे, म्हणजे जवळपासच्या ऊर्जेच्या जागांचे गट, २, ८ आणि २० ला भरतात; इथवर सारे जुळते. पुढे मात्र ४०, ७० आणि ११२ या संख्या येतात. विहिरीचा आकार थोडाफार बदलून पाहण्याचे प्रयत्न अनेकांनी केले, पण ५०, ८२ आणि १२६ काही केल्या सरळपणे निघेनात.

फर्मींनी विचारले ते असे की, स्पिन-ऑर्बिट कपलिंगचा, म्हणजे कणाची स्वतःची फिरकी आणि त्याचे कक्षेतील भ्रमण यांच्यातील जोडणीचा, काही मागमूस दिसतो का. अणूतील इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत हा परिणाम अगदी किरकोळ असतो, त्यामुळे केंद्रकात तो निर्णायक ठरेल असे मानायला कोणतेही सैद्धांतिक कारण नव्हते. मायर यांनी मात्र तो परिणाम मोठा आणि उलट दिशेचा धरला. फिरकी आणि कक्षीय भ्रमण एकाच दिशेने असेल तर कणाची ऊर्जा बरीच खाली येते, असे मानले की वरच्या कवचातील सर्वांत मोठ्या कोनीय संवेगाचा गट तुटून खालच्या कवचात येतो. त्या गटांत अनुक्रमे ८, १०, १२ आणि १४ जागा असतात. आता बेरीज करून पाहा : २० मध्ये ८ मिळवले की २८, ४० मध्ये १० मिळवले की ५०, ७० मध्ये १२ मिळवले की ८२ आणि ११२ मध्ये १४ मिळवले की १२६. वहीच्या एका पानावर ही बेरीज मावते, आणि ती प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावी असे मला वाटते.

केवळ संख्या जुळल्या असत्या तर संशयाला जागा उरली असती. परंतु याच मांडणीतून केंद्रकांच्या फिरकीचे मूल्यही निघते. बिस्मथ-२०९ मध्ये ८२ प्रोटॉनांच्या भरलेल्या कवचाबाहेर एकच प्रोटॉन असतो. त्याची जागा पाहून केंद्रकाची फिरकी ९/२ असावी असे भाकीत निघते, आणि मोजमापात ती तेवढीच आहे.

आता श्रेयाविषयी. मायर यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात फर्मींच्या प्रश्नाचा उल्लेख मोकळेपणाने केला आहे, पण त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की, त्या आकडेवारीच्या सहवासात इतका काळ घालवलेल्या माणसालाच ‘होय, आणि त्याने सगळ्याचाच उलगडा होईल’ असे तत्काळ उत्तर देता आले असते. त्या क्षणी फर्मींना ते पटलेसुद्धा नव्हते. आठवडाभराने मायर यांनी सर्व परिणाम लिहून काढल्यावर फर्मींची खात्री झाली आणि ते आपल्या वर्गात हा विषय शिकवू लागले. दहा मिनिटांची गोष्ट सांगण्यास हरकत नाही, फक्त १९४८ चा निबंध वगळून ती सांगितली की तिचा अर्थच बदलतो. फर्मींना विचारता येण्याजोगे अनेक प्रश्न त्या काळी होते. त्यांपैकी हा प्रश्न ज्यांच्यापाशी लागू पडला, त्यांच्यापाशी उत्तराचा सारा कच्चा माल आधीच तयार होता.

सायंतारा

ऋजुरेषा यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे. वेतनाच्या प्रश्नाला मात्र त्यात हात लागलेला नाही, आणि तो तपशिलाने पाहण्यासारखा आहे.

मारिया यांचा जन्म २८ जून १९०६ रोजी काटोव्हित्स येथे झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते आणि आज पोलंडमध्ये आहे. वडील बालरोगतज्ज्ञ होते आणि १९१० मध्ये ते ग्योटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. वडिलांच्या घराण्यात सलग सहा पिढ्या प्राध्यापकांच्या होऊन गेल्या होत्या, त्यामुळे मुलीने विद्यापीठात शिकावे यात त्या घराला काहीही वावगे वाटले नाही. १९२४ मध्ये गणित शिकण्याच्या हेतूने त्या ग्योटिंगेन विद्यापीठात गेल्या आणि माक्स बोर्न यांच्या प्रभावाने भौतिकशास्त्राकडे वळल्या. १९३० च्या त्यांच्या प्रबंधाच्या परीक्षकांत बोर्न, जेम्स फ्रांक आणि आडोल्फ विंडाउस होते. तिघांच्याही नावावर आज नोबेल पारितोषिक आहे, फक्त बोर्न यांचे ते पुढे १९५४ मध्ये आले.

त्याच वर्षी त्यांनी जोसेफ मायर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाशी विवाह केला आणि दोघे बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आले. पती-पत्नी दोघांना एकाच संस्थेत नेमायचे नाही, असे नियम त्या काळी अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत होते आणि व्यवहारात त्यांचा फटका पत्नीलाच बसत असे. मारिया यांना तिथे प्राध्यापकाचे पद मिळाले नाही. जर्मन पत्रव्यवहारात मदत करण्याचे किरकोळ मोबदल्याचे काम आणि बसायला जागा मिळाली. तरीही त्यांनी तिथे संशोधन केले, शिकवले आणि रॉबर्ट सॅक्स यांच्यासारखा विद्यार्थी घडवला. १९३९ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात आले. तिथेही खोली मिळाली, वेतन नाही. पती-पत्नींनी मिळून लिहिलेले सांख्यिकीय यामिकीवरील पाठ्यपुस्तक १९४० मध्ये निघाले आणि पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. अध्यापनाची पहिली खरीखुरी पगारी नोकरी त्यांना १९४१ च्या अखेरीस सारा लॉरेन्स महाविद्यालयात मिळाली, आणि तीही अर्धवेळ. डॉक्टरेट मिळून तोवर अकरा वर्षे उलटली होती. त्यानंतर युद्धकाळात कोलंबियातच हॅरोल्ड युरी यांच्या हाताखाली युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्याच्या प्रकल्पावर त्यांनी काम केले.

१९४६ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना सहयोगी प्राध्यापक केले, पण पदनामातच ‘विनावेतन’ ही अट होती. पगार मिळे तो नव्याने स्थापन झालेल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील अर्धवेळ नोकरीचा, आणि ती नोकरी देऊ करणारे होते त्यांचेच जुने विद्यार्थी रॉबर्ट सॅक्स. केंद्रकीय भौतिकशास्त्राचा आपला अनुभव फारसा नाही, अशी शंका त्यांनी तेव्हा बोलून दाखवली होती. दोन वर्षांत त्यांनी तो १९४८ चा निबंध लिहिला. पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद घेऊन त्या १९६० मध्ये सान दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रुजू झाल्या, तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न-चोपन्न होते आणि ज्या कामासाठी नोबेल मिळायचे होते ते होऊन दशक लोटले होते. तिथे पोहोचल्यावर थोड्याच काळात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरही त्या काम करत राहिल्या आणि २० फेब्रुवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

पदाचे बंधन नसल्यामुळे त्या रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र यांच्या सीमांवर मोकळेपणाने वावरू शकल्या, असा युक्तिवाद काही ठिकाणी केलेला आढळतो. त्यात तथ्याचा अंश असेलही, कारण समस्थानिकांच्या तक्त्यांत रमणारा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ विरळाच. पण हा युक्तिवाद मला मनापासून मान्य होत नाही. पतीचा पगार, घरातील मदतनीस आणि त्यांची योग्यता ओळखणारे जॉन्स हॉपकिन्समधील हर्झफेल्ड, युरी, फर्मी, टेलर यांच्यासारखे सहकारी लाभले म्हणून त्या टिकून राहिल्या. ज्यांना यांपैकी काहीच लाभले नाही, अशा स्त्रियांची नावे आपल्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. नोबेलची बातमी देताना सान दिएगोच्या एका वृत्तपत्राने ‘सान दिएगोतील आईला नोबेल’ अशा आशयाचा मथळा दिला होता, यावरून एकंदर हवा कशी होती याची कल्पना यावी.

मध्यमा

फर्मींपुरतीच श्रेयाची चर्चा थांबवली तर हान्स येन्सन यांच्यावर अन्याय होईल. जर्मनीत येन्सन, ओटो हाक्सेल आणि हान्स झ्यूस हे तिघे अगदी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते; त्यांतील झ्यूस भू-रसायनशास्त्रज्ञ, म्हणजे मूलद्रव्यांच्या प्रमाणांतूनच या विषयात आलेले. मायर यांचे टिपण ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकाकडे आधी पोहोचले होते, पण याच प्रश्नाची वेगळी उत्तरे सुचवणारे इतरांचे लेख आपल्या टिपणासोबतच छापावेत अशी त्यांची इच्छा असल्याने ते थांबून राहिले आणि जर्मन गटाचे टिपण १९४९ च्या जूनमध्ये एक अंक आधी प्रसिद्ध झाले.

अशा परिस्थितीत शोध आधी कोणाचा यावरून आयुष्यभर भांडणारे शास्त्रज्ञ काही कमी नाहीत. इथे मात्र पुढच्याच वर्षी मायर आणि येन्सन यांची जर्मनीत भेट झाली, मैत्री जमली आणि कवच प्रारूपावरचा ग्रंथ त्यांनी एकत्र लिहून १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. नोबेलचा अर्धा वाटा विग्नर यांना केंद्रक आणि मूलकणांच्या सिद्धांतातील, विशेषतः सममितीच्या तत्त्वांवरील कामासाठी मिळाला आणि उरलेला अर्धा या दोघांत विभागला गेला. ज्यांनी या संख्यांची काहीशा थट्टेने ‘मॅजिक’ म्हणून संभावना केली, त्यांच्याच शेजारी बसून ते स्वीकारण्याची वेळ आली, याची गंमत मायर यांना वाटली असेल की नाही कोण जाणे.

वाचनवेडा

सर्वांचे आभार. ऋजुरेषा यांनी दिलेली बेरीज मी करून पाहिली आणि ती खरोखरच एका पानात संपली. एक गोष्ट मात्र अजून मनात बसत नाही. केंद्रकात कण इतके दाटीवाटीने असतात, त्यांच्यातील बलही प्रचंड असते. मग ते एकमेकांवर न आदळता आपापल्या कक्षेत फिरतात हे मानायचे कसे? बोर यांचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो.

ऋजुरेषा

आक्षेप रास्तच होता आणि त्याचे उत्तर पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वात आहे; एकाच प्रकारचे दोन कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, असे ते तत्त्व सांगते. दोन कण एकमेकांवर आदळले तर त्यांची अवस्था बदलली पाहिजे, म्हणजे दोघांना नव्या जागा मिळाल्या पाहिजेत. स्थिर केंद्रकात खालच्या सगळ्या जागा आधीच भरलेल्या असतात आणि वरच्या रिकाम्या जागांपर्यंत उडी मारण्याइतकी ऊर्जा त्यांच्यापाशी नसते. त्यामुळे टक्कर घडण्याजोगी परिस्थिती असूनही ती परिणामशून्य राहते आणि प्रत्येक कण इतरांच्या सरासरी आकर्षणात सुखेनैव फिरत राहतो. केंद्रकाला बाहेरून भरपूर ऊर्जा दिली तर रिकाम्या जागा आवाक्यात येतात, आणि तेव्हा थेंबाचे चित्र पुन्हा लागू पडू लागते. म्हणूनच विखंडनात ते उपयोगी ठरले.

स्पिन-ऑर्बिट जोडणी समजावताना मायर स्वतः नाचाचे उदाहरण देत. एका दालनात अनेक जोडपी वॉल्ट्झ नाचत आहेत; प्रत्येक जोडपे दालनाला फेरी घालते आणि त्याच वेळी स्वतःभोवती गिरकीही घेते. फेरीच्याच दिशेने गिरकी घेणे सोपे जाते आणि उलट दिशेने घेताना अधिक श्रम पडतात, म्हणजेच दोन्ही प्रकारच्या नर्तकांची ऊर्जा वेगळी असते. उदाहरण सुरेख आहे, पण ही जोडणी केंद्रकात इतकी प्रबळ का असते हे त्यातून कळत नाही, आणि १९४९ मध्ये ते त्यांनाही सिद्धांतातून काढून दाखवता आले नव्हते. त्यांनी ती पुराव्याच्या बळावर गृहीत धरली. हे धाडस मला त्या बेरजेहून मोठे वाटते.

प्रारूपाला मर्यादाही आहेत. भरलेल्या कवचांपासून दूर असलेली अनेक केंद्रके गोल नसून लांबट असतात आणि त्यांचे वर्तन एकेका कणाच्या हिशेबाने सुटत नाही. त्यावर काम करणाऱ्या ओगे बोर, बेन मॉटलसन आणि जेम्स रेनवॉटर यांना १९७५ चे नोबेल मिळाले. न्यूट्रॉनांचा भरणा खूप असलेल्या केंद्रकांत तर जादूच्या संख्यासुद्धा बदलतात. मॅग्नेशियम-३२ मध्ये २० न्यूट्रॉन असूनही तिथे भरलेल्या कवचाची लक्षणे दिसत नाहीत, उलट ऑक्सिजन-२४ मध्ये १६ ही संख्या जादूची ठरते.

सायंतारा

एक भर घालून थांबते. नोबेल केंद्रकावरील कामासाठी मिळाल्यामुळे मायर यांच्या आधीच्या कामाकडे दुर्लक्ष होते, वास्तविक आजच्या प्रयोगशाळांत त्यांचे नाव अधिक घेतले जाते ते त्या कामामुळेच.

१९३० च्या प्रबंधात त्यांनी दाखवले की, अणू एकाच वेळी दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, शोषून वरच्या ऊर्जास्थितीत जाऊ शकतो. ही शक्यता इतकी क्षीण होती की पडताळून पाहण्याइतका प्रखर प्रकाश तेव्हा उपलब्धच नव्हता. लेसर आल्यावर १९६१ मध्ये ती प्रयोगाने सिद्ध झाली आणि १९९० मध्ये तिच्यावर आधारलेला द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक तयार झाला, ज्याने आज जिवंत मेंदूतील पेशी खोलवर पाहता येतात. या शोषणाचे प्रमाण मोजण्याचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. २०१८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या डॉना स्ट्रिकलंड, म्हणजे त्या विषयात मायर यांच्यानंतरच्या पहिल्याच स्त्री मानकरी, यांनी आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात याच कामाचा संदर्भ दिला होता.

दुसरे काम १९३५ चे, बाल्टिमोरच्या बिनपगारी वर्षांतले. केंद्रकातून एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतील अशा दुहेरी बीटा क्षयाचा हिशेब त्यांनी मांडला आणि त्याचे अर्धायुष्य १० च्या १७ व्या घाताहून अधिक वर्षांचे असेल असा अंदाज दिला. प्रयोगशाळेत हा क्षय प्रत्यक्ष टिपला गेला तो १९८७ मध्ये, सेलेनियम-८२ च्या केंद्रकात. त्याच क्षयाचा न्यूट्रिनोविरहित प्रकार, म्हणजे एरवी सोबत सुटणारे न्यूट्रिनो नावाचे कण न सुटता होणारा, घडतो का, याचा शोध आज भूगर्भातील अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. तो सापडला तर न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण आहे असे ठरेल. धागाकर्त्यांना पुढे वाचायचे असेल तर मी त्या १९३५ च्या निबंधापासूनच सुरुवात सुचवेन. तो आटोपशीर आहे आणि पदवीपर्यंतच्या पुंजयामिकीवर बराचसा समजतो.